घरापासून लांब इंटर्नशिप करताना: सुट्टी, डबा, भाषा आणि घरचा फोन

मी आजरा तालुक्यातली. एमबीबीएस आणि इंटर्नशिप दोन्ही विदर्भात, कापसाच्या पट्ट्यातल्या एका सरकारी कॉलेजात झालं. घरून हॉस्टेलला जायचं म्हणजे एसटीनं कोल्हापूर, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस, जवळजवळ अख्खा एक दिवस गाडीत, मग बडनेऱ्याला उतरून पुन्हा एसटी. इंटर्नशिप संपून आठ महिने झालेत. आता आमच्याच भागातल्या दोन मुली तिथं इंटर्न म्हणून लागतायत. त्यांनी फोनवर विचारलं, "ताई, काय काय तयारी करू?" दहा मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

सर्वांत आधी सुट्टीचा हिशेब

विद्यार्थी असताना दिवाळीला घरी जाऊन निवांत राहता यायचं. इंटर्नला वर्षभरात मिळून १५ दिवस रजा. त्याच्या पुढे गेलात की इंटर्नशिप तेवढी लांबते. म्हणून पोस्टिंगचा तक्ता हातात पडला की त्याच रात्री कॅलेंडर घेऊन बसा. २०२१च्या नियमांप्रमाणे ५२ आठवड्यांपैकी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे आपलं पीएसएम, १२ आठवडे, गायनॅक (स्त्रीरोग आणि प्रसूती) ७, मेडिसिन आणि सर्जरी सहा-सहा, इलेक्टिव्ह (आपण निवडायचे विषय) ४, बालरोग ३, बाकीची सगळी एक-दोन आठवड्यांची. एक-दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमधून रजा काढू नका. कॅज्युअल्टीचे, म्हणजे अपघात विभागाचे, दोनच आठवडे असतात, त्यातले चार दिवस घरी घालवलेत तर शिकायचं राहूनच जातं. रजा काढायची तर पीएसएममधून, नाहीतर मेडिसिन-सर्जरीच्या मधल्या आठवड्यांतून.

एक-एक दिवस सुटा काढू नका. आमच्यासारख्यांचे जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. मी सहा, पाच आणि चार असे तीन तुकडे केले. चारचा तुकडा चुकला. घरी जेमतेम दोन दिवस मिळाले आणि त्यातला एक झोपण्यात गेला. परत करायचं झालं तर मी आठ आणि सात असे दोनच करीन. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं. रजेचा अर्ज मंजूर व्हायची वाट बघत बसलात तर स्लीपर भरून गेलेला असतो, म्हणून तिकीट आधी काढायचं.

सणांचं बोलणं वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्या. आपल्याकडच्या गौरी म्हणजे तिकडच्या महालक्ष्म्या. दिवस तेच, त्यामुळे त्या तीन दिवसांसाठी सगळ्यांचीच ओढाताण. मी मैत्रिणींना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं: पोळा आणि महालक्ष्म्या तुम्ही घ्या, मी ड्यूटी करते, मला भाऊबीज द्या. बॅचमधल्या ज्यांना दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर जायचं असायचं, त्यांच्या ड्यूट्या आम्ही घेतल्या. ईदची अदलाबदल दिवाळीशी झाली. हे सगळं ग्रुपवर लेखी ठेवा, तोंडी ठरवलेल्या एक्स्चेंजवरून चांगल्या मैत्री तुटलेल्या मी पाहिल्यात.

बॅगेत काय

फार काही लागत नाही. दोन-तीन अ‍ॅप्रन, कारण लेबर रूममधून आलेला अ‍ॅप्रन दुसऱ्या दिवशी घालण्यासारखा राहत नाही. धुता येतील अशा बंद चपला. छोटा टॉर्च, स्वतःचा टर्निकेट (रक्त काढताना दंडाला बांधायचा पट्टा), खिशात मावेल अशी वही, आणि साधी बॉलपेनं डझनभर. जेल पेन नको, स्पिरिटचा थेंब पडला की केस पेपरवरची शाई पसरते. पाण्याची बाटली मोठी घ्या. तिकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, आणि वॉर्डात धावताना तहान लागल्याचं कळतही नाही. मला एकदा लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा उमगलं की सकाळपासून मी पाणीच प्यायले नव्हते.

खाण्याबद्दल मात्र नीट सांगते, कारण घरापासून लांब असल्याचं सगळ्यांत आधी पोटाला कळतं. युनिटची इमर्जन्सी असते, म्हणजे तातडीचे रुग्ण आपल्या युनिटकडं येतात, त्या दिवशी सकाळी पोटभर जेवूनच निघायचं, दुपारी वेळ मिळेल असं धरून चालू नका. मेस नऊ-साडेनऊला बंद होते. मी महिन्याच्या सुरुवातीला मेसच्या काकूंना माझ्या इमर्जन्सीच्या तारखा लिहून दिल्या. त्या दिवशी त्या डबा भरून खिडकीत ठेवायच्या. त्या कागदानं वर्षभर मला जेवू घातलं.

घरून आणायचं तर टिकणारं आणि हातानं खाता येणारं. माझी आई भडंग द्यायची, जाड पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीच्या मागच्या खोलीत ते पुडकं सुटलं की जेआर वन (पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर), सिस्टर, मामा (वॉर्डबॉय), सगळे भोवती. नागपूरच्या रूममेटला लसणाचं भडंग इतकं आवडलं की पुढं तिच्यासाठी वेगळं पुडकं येऊ लागलं. मेतकूट आणि घनसाळ तांदूळही असायचा. पोस्ट-ड्यूटीच्या, म्हणजे ड्यूटी संपल्यावरच्या, दुपारी मऊ भात करून झोपायचं. इंडक्शन चालतं का, ते हॉस्टेलला आधी विचारून घ्या.

तिथली बोली

साडेचार वर्षं तिथं राहून मला वाटत होतं, वऱ्हाडी आपल्याला येते. हॉस्टेलातली आणि मेसमधली येत होती. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाच्या तोंडून येणारी वेगळी असते.

आमच्याकडे बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात. घरच्या फोनवर माझ्या तोंडून तेच निघतं. तिकडे तर पुरुषाबद्दल बोलताना "तो येते, तो जाते". पहिल्या महिन्यात एक आजी मला निरखून म्हणाली, "तुमी कुठच्या व्हय मॅडम, असं काहून बोलता?" मी कोल्हापूर सांगितलं तर म्हणाली, "बाप्पा, एवढ्या लांबून!" त्यानंतर तिनं मला रोज जेवलात का विचारलं.

शब्दांची वही करा, पहिल्या दिवसापासून. "पोट दुखून रायलं", "ओकाऱ्या होऊन रायल्या" हे कळतं. पण "जीव घाबरते" म्हणजे काय? धडधड असेल, दम लागत असेल, चक्कर असेल, किंवा खरंच भीती असेल. मी ते सुरुवातीला 'एन्झायटी' असं लिहायचे. जेआरनं समजावलं: असं म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा आधी ईसीजी काढायचा, मग लिहायचं. आता मी लगेच विचारते, "छातीत काय होते? चालताना होते का बसून?" रुग्णाचा शब्द आधी आहे तसा लिहा, त्याचं इंग्रजी नंतर करा.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. पावसाळ्यातली इमर्जन्सी. एका तरुण बाईला सासू घेऊन आली आणि म्हणाली, "हिनं औषध घेतलं." मी विचारत बसले, कसलं औषध, कुणी दिलं, गोळ्या आहेत का बरोबर. आमच्याकडे "औषध पिलं" म्हणतात ते मला चांगलं माहीत होतं, शेतकऱ्याची मुलगी आहे मी. पण "घेतलं" या एका शब्दानं माझं डोकं गोळ्यांकडं गेलं. शेजारून वॉर्डातल्या मावशी (आया) म्हणाल्या, "मॅडम, फवाऱ्याचं औषध!" मग दिसलं: तोंडाला लाळ, अंग घामानं भिजलेलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दोन मिनिटं गेली असतील. ती बाई वाचली. पण ती दोन मिनिटं माझ्या मनातून गेलेली नाहीत.

कापसाच्या पट्ट्यात जाणार असाल तर कीटकनाशकाची विषबाधा वाचूनच जा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. त्यांतल्या बहुतेकांनी काही प्यायलेलं नव्हतं, ते नुसते कामावर गेले होते. त्यामुळे "फवारणी करून आला" असं कुणी म्हटलं की अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुणं हे उपचारातच धरायचं, आणि ते करताना स्वतः हातमोजे घालायचे. अ‍ॅट्रोपिनच्या (या विषावरच्या उताऱ्याच्या) चार्टवर इंटर्नच बसतो. छातीतला ओलेपणा कमी झाला का, हे दर वेळी स्टेथोस्कोप लावून ऐका, नुसत्या बाहुल्या बघून लिहू नका.

तांड्यांवरून बंजारा बायका बाळंतपणाला येतात. "याडी, याडी" असं कण्हत असतात, म्हणजे "आई, आई". एवढा एक शब्द कळला तरी आपला हात आपोआप त्यांच्या पाठीवर जातो. बाकीचं मला लेबर रूमच्या मावशींनी शिकवलं, त्या स्वतः तांड्यावरच्या.

सिस्टर, मामा, मावशी

नव्या वॉर्डात गेल्यावर डॉक्टरांच्या आधी इन्चार्ज सिस्टरना भेटा. नाव सांगा, गाव सांगा, आणि तीन गोष्टी विचारा: बल्ब (रक्ताच्या नमुन्याच्या बाटल्या) कुठं ठेवता, इमर्जन्सी ट्रे कुठं असतो, रात्री ऑक्सिजनचं सिलिंडर कोण बदलतं. इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची सुई, लावायला मला पुस्तकानं नाही, बालरोगच्या एका सिस्टरनं शिकवलं. बाळाचा हात कसा धरायचा, शीर दिसत नसेल तर बोटाला कशी लागते, हे सगळं त्यांनी दुपारच्या शांत वेळी करून दाखवलं. त्यांना मी पुढं दर दिवाळीला फोन करायचं ठरवलंय.

पहाटेच्या रक्ताच्या कलेक्शनबद्दल एकच नियम, आणि तो मोडायचा नाही: बल्बवर नाव खाटेशेजारी उभं राहून, रक्त काढल्यावर लिहायचं. आधी टेबलावर बसून दहा बल्बांवर नावं लिहून ठेवायची नाहीत. आणि नाव रुग्णालाच विचारायचं. "तुम्ही सखुबाई ना?" असं विचारलं तर झोपेत कुणीही हो म्हणतं, म्हणून "नाव सांगा" असंच म्हणायचं. क्रॉसमॅचच्या, म्हणजे रक्त चढवण्याआधी जुळवून बघायच्या, सॅम्पलची अदलाबदल झाली तर माणूस जाऊ शकतो.

जेआर वन कधी ओरडले तर त्याच क्षणी मनाला लावून घेऊ नका, ते तुमच्याहून जास्त तास जागे असतात. मात्र कुणी रोजच अपमान करत असेल, हात उगारत असेल, एकटीला खोलीत बोलावत असेल, तर ते 'असंच असतं' म्हणून सोसायचं नाही. त्याच दिवशी बॅचमधल्या दोघांना सांगा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि तक्रार करा.

सुई टोचली तर

सर्जरीच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री चारला, मी सुईला टोपण परत लावायला गेले आणि ती अंगठ्यात गेली. टोपण लावायचं नसतं हे मला पाठ होतं. तरी लावलं, कारण सुया टाकायचा डबा चार पावलं लांब होता.

असं झालं तर काय करायचं ते नीट वाचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच सीनियरला सांगा. शक्यतो दोन तासांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, पीईपीचा, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या औषधाचा, पहिला डोस जायला हवा. रुग्णाची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी होतेच, पण तिच्या रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवायचा नाही. कोर्स लागला तर २८ दिवस, रोज एक गोळी. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस इंटर्नशिपच्या आधीच पूर्ण करा, आणि अँटिबॉडी टायटर (लशीनं किती संरक्षण आलं त्याचं माप) १०च्या वर आहे का ते तपासून घ्या. तिसरा डोस सहाव्या महिन्याला असतो, म्हणजे इंटर्नशिप लागल्यावर सुरू केलात तर अर्धं वर्ष उघड्यावर जातं.

हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते केलं. एक मात्र चुकलं. मी घरी सांगितलं नाही. रुग्णाचा इतिहास नीट मिळत नव्हता, म्हणून कोर्स सुरू राहिला. गोळीनं मळमळायचं. रोज फोनवर आई विचारायची, "जेवलीस काय?" आणि मी हो म्हणायचे. नवव्या दिवशी ती म्हणाली, "तुझा आवाज असा का याय लागलाय गं? खरं बोल." मी रडत सगळं सांगितलं. ती घाबरेल, बाबांना ब्लडप्रेशर आहे, त्यांना झोप लागणार नाही, असं मी धरून चालले होते. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "नऊ दिवस तू एकटीनं गोळी खाल्लीस?"

तिसऱ्या दिवशी बाबा हॉस्टेलच्या गेटवर. पिशवीत भडंग, तांदूळ आणि आईनं दिलेली सुंठ. डॉक्टरांशी बोलले, माझ्याबरोबर मेसमध्ये जेवले, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यानंतर मला जेवण जाऊ लागलं.

घरचा फोन

त्या भेटीत बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दोन महिन्यांपूर्वी आजीला गडहिंग्लजला दवाखान्यात चार दिवस ठेवलं होतं. मला कळवलं नव्हतं, "तुझी ड्यूटी असती" म्हणून. मी चिडले, आणि मग लक्षात आलं की मीही तेच करत होते. लांब राहणाऱ्या घरांत ही लपवाछपवी दोन्हीकडून होते, आणि दोन्हीकडून प्रेमानंच होते. त्यामुळे फोनवर कुणीच कुणाचं खरं मानत नाही. आई माझ्या "बरी आहे"वर विश्वास ठेवत नव्हती, आणि आजीचा विषय निघाला की मी आवाजाचा अर्थ लावत बसायचे.

म्हणून आम्ही ठरवलं, आणि तुम्हीही पहिल्याच महिन्यात ठरवा: आजारपण, अपघात, दवाखाना, हे त्याच दिवशी कळवायचं. दोन्हीकडून. पण सांगताना क्रम पाळायचा. आधी आत्ता कसं आहे, मग काय झालं, मग पुढं काय करणार. "आजी आता बोलते, काल चक्कर येऊन पडली, उद्या सीटी आहे." नातेवाइकांना आपण वॉर्डात असंच सांगतो ना, तेच घरच्यांशी.

ड्यूटीच्या तक्त्याचा फोटो दर महिन्याला घरी पाठवा. आईनं तो छापून कपाटाला चिकटवला आणि माझ्या इमर्जन्सीच्या दिवसांना लाल गोल केले. त्या दिवशी फोन आला नाही तर ती काळजी करत नव्हती. मी रात्री फक्त "झोपते" एवढा मेसेज टाकायचे. मोठा फोन पोस्ट-ड्यूटीला, पण झोप झाल्यावर. चोवीस तास जागून घरी फोन लावू नका. क्षुल्लक गोष्टीवरून भांडण होतं आणि मग दोन दिवस दोघींनाही खुपत राहतं. जागरणानंतर दुचाकीही चालवू नका, रिक्षानं जा.

गावातून रिपोर्टांचे फोटो येऊ लागतील. चुलत्यांची साखर, शेजारच्या काकूंचा एक्स-रे. मी बाबांना सांगितलं की आठवड्यातून एकदा, रविवारी, सगळे एकत्र पाठवा. आणि फोटो बघून औषध सुचवायचं नाही. कोणत्या डॉक्टरांकडं जायचं, जाताना कोणते कागद न्यायचे, एवढंच सांगायचं. त्यातही खूप मदत होते.

एक गोष्ट घरी सांगायची की नाही याचा मी खूप विचार केला: वॉर्डातले मृत्यू. माझा पहिला मृत्यू मेडिसिनला, विशीतला सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलगा. त्याच्या आईला सांगताना मी जेआरच्या मागं उभी होते. त्या रात्री घरी फोन केला नाही. रूममेटला सांगितलं, तिनं चहा केला, आम्ही पहाटेपर्यंत गच्चीवर बसलो. घरच्यांना तो प्रसंग दिवाळीत, समोर बसून सांगितला. फोनवर असं सांगितलं तर फोन ठेवल्यावर ते आणि आपण आपापल्या जागी एकटे उरतो. पण कुणालाच न सांगता राहू नका. झोप उडाली, जेवण तुटलं, मरणाचे विचार आले, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन करायला कशाची वाट बघायची नाही.

पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) दिवस

पीएसएममधल्या गावातल्या पोस्टिंगला क्वार्टर मिळाली तर पहिल्या दिवशी कडी, दिवा आणि संडास बघून घ्या. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा आणि एएनएम (तिथल्या परिचारिका) ताईंचा नंबर घ्या. चपला झटकून घाला. विंचवाचा रुग्ण आला तर प्राझोसिन आहे का ते आल्या दिवशीच औषधांच्या कपाटात पाहून ठेवा. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि एका गावच्या दवाखान्यातून आलेलं ते काम जगानं वाचलं. मला त्या क्वार्टरमध्ये एकटं वाटायचं तेव्हा हे आठवून बरं वाटायचं. संध्याकाळी आशाताईंबरोबर घरोघरी जा. अभ्यासही तिथंच होतो, पुढच्या परीक्षेचे निम्मे विषय मी त्या बारा आठवड्यांत वाचले.

शेवटचा महिना

लॉगबुकवर (केलेल्या कामाच्या नोंदवहीवर) सही प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशीच घ्या. वर्षाच्या शेवटी मागायला गेलात तर कुणी रजेवर असतं, कुणाची बदली झालेली असते. रजा जास्त झाली असेल तर इंटर्नशिप किती दिवसांनी लांबतेय ते ऑफिसात आधी विचारा आणि मगच परतीचं तिकीट काढा. मला कॅज्युअल्टीचे दोन दिवस भरून द्यायचे होते, म्हणून तिकीट दोनदा बदलावं लागलं. पुस्तकं एसटीच्या पार्सलनं पाठवा. कूलर, बादली, इंडक्शन ज्युनियरना देऊन टाका. माझ्या कूलरची मोटर थोडी आवाज करते, पण वारा चांगला येतो. तुम्हा दोघींपैकी जिला हवा असेल तिनं मेसच्या काकूंना विचारा, त्यांच्याकडं ठेवलाय.